काट्याच्या मशीनवर दोन पायथन

१४ नोव्हेंबर
काटा बंद. चूक माझीच. नागपूरच्या कंपनीची नोकरीची परीक्षा २८ ला, ती नव्या पायथनवर, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेच्या नव्या आवृत्तीवर, द्यायची. माझ्याकडे कुठला आला कॉम्प्युटर? आहे तो धान खरेदी केंद्रावरचा, संस्थेचा. काल सुट्टी पाहून त्याच्यावर पायथन तीन टाकला. आज सकाळी मोजणीचा प्रोग्राम उघडेचना. तो गजूदादानं पायथन दोनमध्ये लिहिलेला. आता मशीनला 'पायथन' म्हणून हाक मारली की नवाच ओ देतो, आणि जुन्याची भाषा त्याला कळत नाही.

बाहेर धानाच्या गाड्यांची रांग. सोमाजीकाका आमचे मापारी, एकेक कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, काट्यावर ठेवून कितवा ते पुकारतात आणि मी बटण दाबते. दर पाच मिनिटांनी खिडकीत: "काऊन वो पोरी, चालून नाही राह्यला का?"

बाराला नवा काढून टाकला. जुना सुरू. मी होती तिथंच.

१५ नोव्हें.
गजूदादाला सहा फोन. आधी माझ्या खुर्चीवर तोच होता, हैद्राबादला गेल्यापासून उचलत नाही. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहून गेलाय : 'हात लावू नये.' वा रे वा! स्वतः सुटला.

अध्यक्षांना सांगितलं, परीक्षेपुरता तरी नवा पाहिजे. "तुले कायले पायजे नवा? जुना चालते ना चांगला!" चार वर्षं हेच. बीएस्सी करून चिचगडात कट्टे मोजून राहिले. कधीकधी वाटते की मशीनसोबत मलाही संस्थेच्या सामानात लिहून ठेवलंय.

१८ नोव्हें.
ठरलं. प्रोग्रामच नव्यात आणायचा, म्हणजे एकच पायथन राहील, कटकट नाही. नवा पुन्हा टाकला. प्रत्येक छपाईच्या ओळीला कंस घालत बसले. अडलं एकाच जागी. 'लाभ'. मोजताना पहिल्या कट्ट्याला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, आणि गजूदादानं पावतीतही तसंच ठेवलंय : आधी लाभ हा शब्द, पुढे नुसते आकडे. नव्याला ती अक्षरं जमेनात, पडद्यावर नुसत्या किडेमुंग्या. वैतागून ती ओळच काढली.

चालला! एकटीच नाचले ऑफिसात.

१९ नोव्हें.
लिहायला हात होत नाही.

सुकवारोबाई, पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, म्हातारी. पावती नातीकडून वाचून घेतली आणि परत आली. "माहा एक कट्टा कुठी गेला?" पावतीत सतरा. मी ठसक्यात, "आजी, मशीन चुकत नाही."
"मंग मी चुकली का? मी अठरा भरली."
सोमाजीकाका पुढे झाले. तिची थप्पी उतरवली आणि पुन्हा मोजायला लागले. लाभ, दोन, तीन... अठरा.

पहिला कट्टा त्या काढलेल्या ओळीतच धरला जात होता. सकाळपासून अकरा जणांचा एकेक कट्टा मी खाल्ला. सगळ्यांना थांबवून पावत्या नव्यानं दिल्या. कोणी शिवी दिली नाही, तेच जास्त लागलं. म्हातारी जाताना म्हणाली, "लाभच काढून टाकलास वो बाई?"

नवा पायथन पुन्हा काढला, जुना प्रोग्राम जसाच्या तसा परत.

२२ नोव्हें.
सापडलं!! आधीच वाचायला पाहिजे होतं. दोन्ही पायथन ठेवायचे, पण प्रत्येक प्रोग्रामला त्याची खोली, खोलीत त्याचाच पायथन. नुसती 'पायथन' हाक मारायचीच नाही, कोणत्या खोलीतला ते सांगायचं. एका घरात दोन चुली, भांडण नाही. पडद्यावर दोन चित्रं ठेवली. एकाचं नाव 'काटा', दुसऱ्याचं 'मी'.

काकांना म्हटलं, मी नसली तर हे 'काटा' दाबायचं, मग दर कट्ट्याला एक बटण. त्यांनी हात मागे घेतला. "मले नको लावू त्याच्या नादी."

२८ नोव्हें.
झाली परीक्षा. काटा चारला बंद करून बसले. लाइट गेली नाही, नेट गेलं नाही. मायनं नारळ बोलला होता म्हणे.

५ डिसेंबर
नागपूरहून फोन. बाई बोलत होत्या, गोड. दोन पायथन एका मशीनवर कसे ठेवले, विचारलं. अर्धा तास सांगत होते. चार वर्षांत पहिल्यांदा मला कोणी हे विचारलं! सुकवारोबाईचंही सांगून टाकलं. त्या हसल्या, म्हणाल्या, घेतलं तुम्हाला.

काम काय? त्यांच्याकडे पायथन दोनमधला जुना प्रोग्राम आहे. लिहिणारा सोडून गेला. "हात लावायला कोणी तयार नाही. तुम्हीच सांभाळाल."

मी हो-हो म्हणून फोन ठेवला. मग रडू आलं. दहा तारखेपर्यंत लेखी कळवायचं.

७ डिसें.
माय : "नागपूर तं आहे ना!" आहे. तिथं पंखा असेल, कॅन्टीन असेल. पण खुर्चीवर मीच आणि समोर तेच.
अध्यक्ष : "काटा बंद पडला तं जबाबदार कोन?" पगाराचं नाव नाही.

९ डिसें.
अजून कळवलं नाही. पत्र लिहून ठेवलंय, दोन. एक हो, एक नाही.

सकाळी काकांना विचारलं, मी गेली तर?
"जा ना. मी कायले अडवू? पन बटन दाबन कोन?"

पहिलीच गाडी सुकवारोबाईची. काकांनी कट्टा ठेवला, "लाभ!" पुकारलं आणि माझ्याकडे पाहत थांबले. मी दाबल्याशिवाय ते दोन म्हणत नाहीत.

मी पण थांबले.