वसईची वाईन आणि गजाचा हार

शुक्र. १६ नोव्हें. ५६

गजा सुटून आला. सत्याग्रहात पकडला गेला होता, दीड महिना आत. चाळीच्या तोंडाशी कमान, बँड, तात्यांच्या हस्ते नारळ. लालबागेत एवढा थाट गणपतीचाच होतो. आणि हा कोण, तर माझ्या शेजारच्या खोलीतला, गिरणीत माझ्याच खात्यात पेट्या उचलणारा गजा!

शालूने ओवाळलं. तात्यांची मुलगी. तिच्यासाठी आई या महिन्यात तात्यांकडे शब्द टाकणार होती. निरांजन दोनदा विझलं, दोन्ही वेळा ती गजाकडे बघून हसली. माझ्याकडे बघून तिने कधी काडीसुद्धा ओढली नाही.

तात्या संयुक्त महाराष्ट्र समितीतले. सगळ्यांसमोर म्हणाले, "जावई असावा तर असा." जेवलो नाही.

शनि. १७

आई म्हणते, "आता जरा थांब. तात्यांचा मन खय आसा ता बघूया." म्हणजे संपलंच.

पास्कल, आमचा फिटर, वसईचा. उद्या गजाला गावी नेतोय. नाताळची वाईन घालायचे दिवस आहेत, घरोघर जुनीही चाखायला मिळते. म्हटलं, दारूबंदी आहे रे. तर म्हणतो, "आमच्याकडे दारू नाय, औषध हाय." मलाही बोलावलं. गजाचा मित्र म्हणून! जाणार नाही.

रवि. १८

गेलो.

दादरहून वसई, पुढे टांगा. टांग्यातही गजा पुढे, मी मागे पाय लोंबकळत.

पहिलं घर पास्कलच्या मावशीचं. पलंगाखाली चिनीमातीच्या बरण्या, तोंडाला फडकी. मनुकांची वाईन, मागच्या वर्षीची. गोड, जड, अंगात सावकाश चढणारी. पास्कलने ओळख करून दिली, "हा गजानन, संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात होता." मावशी उठून उभी राहिली. "आणि हे?" पास्कल जरा अडखळला. "हा बाळा. हा... आमच्याबरोबर असतो." गजाला काठोकाठ ग्लास, मला अर्धा.

तिथे एक रीत आहे. नवी बरणी घालताना पहिली मूठ मनुका घरच्यांनी टाकायची नाही, पाहुण्याने टाकायची. पाहुणे दोन होते. मावशीने परात गजापुढे धरली. मी हात पुढे केला होता, तो खिशात घातला.

दुसऱ्या घरी आल्याची वाईन. घसा सोलून निघाला. तिथला म्हातारा गजाला विचारत होता, लाठी लागली का, कुठे लागली. गजा नुसता हसायचा. लोकांना तो विनय वाटला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की तिखट लागल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन थुंकलो.

तिसऱ्या घरी जांभळाची. जिभा जांभळ्या. पास्कल आत गप्पांत रमला, मी आणि गजा विहिरीच्या कट्ट्यावर. त्याचा चौथा की पाचवा ग्लास. एकदम माझा दंड धरला.

"बाळ्या, कुणाला सांगू नको. मी दुधाच्या रांगेत उभा होतो रे."

"कधी?"

"पकडलं तेव्हा. सकाळी रांग दिसली, उभा राहिलो. हातात बाटल्या. दूधकेंद्राची रांग पलीकडे होती, मला काय माहीत? पुढच्याला हार घातला. वाटलं, असेल त्याचा वाढदिवस. मग मला घातला. मग पोलिसांची गाडी आली नि सगळे ओरडायला लागले, झालाच पाहिजे. गळ्यात हार घेऊन, मी दुधासाठी आलोय, असं कसं सांगू?"

इतका हसलो की विहिरीत पडलो असतो. आयुष्यात कुठलीच वाईन एवढी गोड लागली नाही.

मग म्हणाला, "माफी लिहून दे, आजच सोडतो, असं म्हणाले होते साहेब. बाकीच्यांची तोंडं बघितली. नाही दिली लिहून."

हे त्याने सांगायला नको होतं.

येताना गाडीत तो माझ्या खांद्यावर झोपला. मी सबंध वाटभर तात्यांना सांगायची वाक्यं जुळवत होतो.

सोम. १९

डोकं जड. मास्तरने दोनदा हटकलं. गजा ताकाचा तांब्या घेऊन आला, "काल मी काय बडबडलो का रे?" म्हटलं, काही नाही. ताक प्यायलो. चांगलं होतं, त्याचाही राग आला.

बुध. २१

नळावर शालू एकटी सापडली. म्हटलं, तुझ्या सत्याग्रहीची एक गंमत सांगू? आणि सांगून टाकलं. रांग, बाटल्या, हार, सगळं. थोडं मीठमसाला लावूनच.

ती हसायला लागली. हंडा भरून वाहतोय तरी हसतेय. मला वाटलं, जिंकलो.

"तुला आत्ता कळलं होय? आला त्याच संध्याकाळी त्याने सांगितलं मला. म्हणाला, तुला फसवून ओवाळून घेतलं असं नको व्हायला."

मग नळ बंद केला. "बाबांना मात्र नको हं सांगू. दारात उभं करणार नाहीत त्याला. बाळा, नाही ना सांगणार?"

मी हंडा उचलून दिला नि आलो. त्याने मला सांगायला पाच ग्लास लागले, तिला एकही नाही. दिवसभर हेच डोक्यात.

शुक्र. २३

दोघं जिन्यात बोलत होती. मी आलो तशी गप्प झाली. वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं.

रवि. २ डिसें.

तात्यांनी बोलावलं. शालूसाठी गजाचं नक्की करायचं म्हणतात. "तू त्याचा जिवाभावाचा दोस्त. लहानपणापासून बघतोयस. माणूस खरा आहे ना? मला खोटेपणा खपत नाही, तुला ठाऊक आहे. आडपडदा न ठेवता सांग."

शालू चहा घेऊन आली. माझ्यापुढे कप ठेवताना बशीत चहा हिंदकळला. माझ्यामुळे शालूचा चहा सांडला, हे आजवर कधी झालं नव्हतं.

चहा गरम होता. फुंकर घालत, घोट घोट, जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवला. ती आत गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली, नजर माझ्यावरच.

कप खाली ठेवला. तात्यांना म्हटलं, उद्या सांगतो.