कोपराले हात लावजो नको

माय, हे मी एक्स-रेच्या पाकिटावर लिहून राह्यली. पेन सुनेचा, शाळा माही चौथीपर्यंतची. अक्षर वाकडं आलं तर नाक मुरडू नको, तुले तर तेवढंही येत नव्हतं.

आत माह्या लेकाच्या पोरीचं ऑपरेशन सुरू आहे. सात वर्षांची आहे. दिवाळीनंतर घरात कापसाचा ढीग लावला होता, त्याच्यावर उड्या मारता मारता फरशीवर पडली, उजव्या हातावर. सून म्हणे, "दवाखान्यात नेऊ." मी म्हटलं, "हाडं बसवणारीच्या लेकीचं घर आहे हे. लोक तोंडात शेण घालतील. लचक आहे, जाते आठ दिवसात." गरम तेलानं चोळलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. सूज उतरली, मी मिरवून घेतलं. पण कापूस विकून घर रिकामं झालं तरी पोरीचा घास तोंडापर्यंत जाईना. मान खाली घालून जेवे. शेवटी सुनेनं मले न विचारता सेवाग्रामच्या दवाखान्यात जायले गाडी धरली. मी मागून चढली.

डॉक्टरबाईनं फोटो उजेडाले धरला. "आजी, एक हाड मोडून वाकडंच जुळलं. म्हणून बाजूच्या हाडाचं डोकं कोपरातून बाहेर सरकलं. आता वाकडं हाड कापून सरळ करू, पट्टी लावू, मग ते डोकं जागेवर बसवू. लगेच आणली असती तर बहुतेक प्लास्टरवर भागलं असतं."

"हात चालन ना?"

"बराचसा. पण अंगठा उचलणारी एक शीर तिथूनच जाते. शुद्धीवर आली की अंगठा वर उचलते का ते पाहू."

तवापासून मी लोकाइचे अंगठेच पाहून राह्यली. चहावाल्याचा, सिस्टरचा, माहा.

तुह्या चुलीपुढं माणसं बसून राहत. मनगट, घोटा, खांदा, तू सगळं बसवायची. कोपर आलं की तेलाची वाटी मागं सारायची. "बैलबंडी जुंपा, दवाखान्यात न्या." एकदा मी एका पोराच्या कोपराले हात लावला, तर तू पळी फेकून मारली. "कोपराले हात लावजो नको!" माहा डावा हात आजही सरळ होत नाई. लहानपणी तो तूच चोळला होता. तू कधी त्याच्याबद्दल बोलली नाई, मी कधी विचारलं नाई. जे काय सांगितलं ते त्या पळीनंच.

डॉक्टरबाईनं विचारलं होतं, "चोळलं कोणी?" मी म्हटलं, "आहे गावातली एक बाई. अडाणी." सून भिंतीकडं पाहत राह्यली. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

आताच सिस्टर सांगून गेली, पोरगी डोळे उघडून राह्यली. सून धावली. मी इथंच बाकावर बसली. एक्स-रे पिशवीत टाकते आणि हे पाकीट फाडते, कोणाच्या हाती लागाले नको.

त्या पहिल्या दिवशी, माय, तेल लावताना कोपरापाशी माह्या अंगठ्याखाली गोटीएवढं काहीतरी लागलं होतं. पोरीचा पंजा फिरवला की तेही फिरे. तुही पळी आठवली मले. तरी मी चोळत राह्यली.