मध्ये काही नाही

ग्रॅव्हलबर्ग, २ जून

चि. लिओनीस, ओडीलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या लेकीने, मिरेयने, पाठवलेला सहलीचा बेत मिळाला. एक दिवस तलाव, एक दिवस हिमनदी, मग गरम पाण्याचे झरे. आणि माझ्या दारापासून तुमच्या डोंगरांपर्यंत जे गाडीने दिवसभराचं मैदान आहे, तिथे लिहिलंय ‘मध्ये काही नाही’. कॉन्व्हेंटात नन्सनी असल्या उत्तराला बाकावर उभं केलं असतं. त्या ‘काही नाही’त तू जन्मलीस, हे लेकीला सांगितलं आहेस ना?

तरी येईन. सत्तरी उलटली, तुमचे डोंगर अजून जवळून पाहिलेले नाहीत, आणि कुतूहलाला काही राग धरता येत नाही. मला सांग, डोंगराआडून वादळ येतं ते तुम्हाला कळतं कसं? इथे ते दिसल्यावर दोरीवरचे कपडे काढून चहासुद्धा होतो. अस्वलं खरंच परसातली सफरचंदं खातात, की ती पाहुण्यांना सांगायची गोष्ट? आणि जुलैतल्या आठवडाभराच्या सहलीला मिरेय मला हिवाळी कोट का आणायला सांगते?

लोभ आहेच, उत्तराला उशीर लावून तो ताणू नये.

तुझी ओडील

कॅनमोर, ११ जून

ती. ओडीलताईस, लिओनीचा सा. न. वि. वि.

अस्वलं येतात, सफरचंदं पिकायचीही वाट बघत नाहीत. वादळ डोक्यावर आलं की कळतं.

कोटाबद्दल खोटं लिहिलं तर तू ओळखशील. तू परत जाऊच नयेस असा बेत आहे. मागची खोली तुझ्यासाठी रंगवलीय. गेल्या शरदात मिरेय तुझ्या गाडीत बसली होती. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं तुझं बोट आपोआप उडायचं म्हणे. एकदा नाही, प्रत्येक गाडीला! तिची नर्स मैत्रीण म्हणाली, नसांचा आजार असाच सुरू होतो. पोर रडली गं. तुला तलावाकाठी सांगायचं ठरलं होतं. तू ओरडशील म्हणून तिनं उघडी जागा निवडली.

रागाव, पण माया आटवू नकोस.

तुझी लिओनी

ग्रॅव्हलबर्ग, १८ जून

चि. लिओनीस, आशीर्वाद, नाइलाजाने.

उडायचं? अगं बये, तो नमस्कार आहे! इथे समोरून गाडी आली की बोट उचलायचं, आत शेजारी असो की परका. बाबा उचलायचे. तू स्वतः ट्रॅक्टरवरून उचलायचीस. मिरेयला सांग, मावशीचा आजार सगळ्या जिल्ह्याला आहे. ती रडली हे वाचून मात्र माझा अर्धा राग वाया गेला.

मी येते. आठवडाभरच, आणि कोटाशिवाय. गाडी तुमच्या दारात तोंड पूर्वेला, माझ्या घराकडे करून लावीन, म्हणजे कुणाला शंका नको.

पण लिओनी, ही गोष्ट ऐकताक्षणी तुला हसू यायला हवं होतं. ती खरी असावी असं तुला का वाटलं? तुझा आर्मां गेल्याला दोन हिवाळे झाले. नवऱ्याविना घर फार मोठं झालंय का गं? तसं असेल तर मला आजारी कशाला पाडतेस, सरळ लिही. परत येताना गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामीच असेल.

तुझीच,
ओडीलताई