सोसलेच्या काठावरचे राघू

अप्पा, शिवरात्र होऊन आठवडा झाला. करंजाला पोपटी पालवी फुटली आहे, मागच्या गल्लीत कोकीळही सुरू झाला आहे, पण तुम्ही यातल्या कशालाच वसंत म्हणत नव्हता. निळ्या शेपटीचे वेडे राघू सोसलेजवळ कावेरीच्या मातीच्या कड्यावर येऊन चोचीने बिळं कोरायला लागले, की मगच तुमचा वसंत. लहानपणी तुमच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी तिथे यायचे. एकदा लांबून काहीतरी हिरवं उडताना दिसलं आणि मी "आले, आले" म्हटलं, तर तुम्ही चांगलंच झापलंत. "सुम्ने, उगाच बोलू नकोस. डोळ्यांनी बघितलंस तरच सांग. आपल्या शब्दावर तो माणूस काम थांबवतो, ठाऊक आहे ना, गोत्तल्वा?" तो माणूस म्हणजे त्या कड्याचा मालक. वीटभट्टीसाठी माती विकायचा. कागदावर तुमचं काही ठरलेलं नव्हतं. तुम्ही स्वतः बघून "आले" म्हणायचं, आणि त्या दिवसापासून पिल्लं उडून जाईपर्यंत त्याने कड्याला हात लावायचा नाही. इतकी वर्षं त्याने ते पाळलं.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि बघायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी शेजारच्या काकू तुमच्याजवळ बसायच्या, मी गाडी काढायचे. सोसलेला मी एकदाही गेले नाही. आठवडाभर हेब्बाळचं ऑफिस, घरी आलं की तुमचं सगळं करायचं. मला फक्त झोप हवी होती. मैत्रिणीच्या खोलीवर तीन तास मेल्यासारखी पडायचे आणि परत यायचे. तुम्ही उशीवरून मान वळवता. "काय गं, बंदवा? आले का?" मी म्हणते, "अजून नाही, अप्पा." न बघता "आले" म्हणणं खोटं झालं असतं, "नाही" म्हटल्याने कुणाचं काय बिघडतंय, हा माझा शहाणपणा. तुम्ही लगेच मालकाला फोन लावून सांगता, "इन्नू बंदिल्ल," अजून आले नाहीत, चालू दे तुझं. मी शेजारी चहा गाळत असते. असे पाच रविवार गेले. पाचव्या रविवारी फोन ठेवून तुम्ही म्हणालात, "या वर्षी येत नाहीत, वाटतं." उगादीच्या आधीच तुम्ही गेलात, राघू येणंच बंद झालं असं समजून.

नरसीपूरच्या संगमावर अस्थी सोडल्या आणि जवळच म्हणून कड्याकडे गेले. जेसीबीने निम्मा कडा कापला होता. उरलेल्या भिंतीत बिळं आडवी चिरलेली, खाली ढेकळांत पांढरी अंडी फुटून मुंग्या लागलेल्या. वर तारेवर वीस-पंचवीस राघू. त्यातली एक जोडी पुन्हा पुन्हा कापलेल्या जागेसमोर यायची, हवेत थांबायची आणि मागे फिरायची. मालक जवळ आला. त्यालाही वाईट वाटत होतं. "अय्यो अम्मा, मशीन लागल्यावरच दिसलं," तो कन्नडात म्हणाला. "तुमचे अप्पा फोनवर नाही नाही म्हणत होते. एवढ्या वर्षांत कधी चुकले नाहीत. आजारपणात लक्षात राहत नसेल, अल्वा?"

त्यानंतर राघू तिथे परत आले नाहीत. आता मी दर वर्षी जाऊन बघते, उशिरा सुचलेलं. मालक भेटला की तुमचा विषय काढतो, तुमची चूक पोटात घातल्यासारखं बोलतो, आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं. हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या दिवशी कड्यापाशी त्याने विचारल्यावर मी मान हलवली आणि म्हणाले, "हौदु, खरंय. शेवटी शेवटी अप्पांना काही कळत नव्हतं."