उजवी पाकळी आणि गुडघ्याचा विमा

कोरगाव, २५ सप्टेंबर २०१८

चि. रुक्मिणीस ताईचे अ. उ. आ.

तुझ्या लेकाने, गोकुळदासाने मस्कतहून पैसे भरून उतरवलेल्या आरोग्य विम्याचं कार्ड तू गणेशचवथीला सगळ्यांत फिरवलंस, तेव्हापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. आमचा गौरेश म्हणतो, सरकारी कार्ड आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यात होईल. म्हणजे धाकटीला कंपनीचा विमा आणि थोरलीला सरकारी!

मी देवीला कौल लावला, की रुक्मिणीपेक्षा मोठा विमा मला मिळेल का. देवीच्या अंगावरची पाकळी उजवी पडली, म्हणजे होकारच. एजंटाला बोलावलंय. दोन्हीकडे कशाला भरायचे, म्हणून सरकारी कार्ड यंदा नवं करू नकोस असं गौरेशला बजावलं. दिवाळी झाली की गुडघा बदलून घेते.

जळत असले तरी बहीण तुझीच. लोभ असू दे.

प्रभावती


मुळगाव, १ ऑक्टोबर २०१८

ती. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. ताई, कौल गुडघ्याचा लावायचा सोडून तू माझा लावलास. देवीने विचारलं तेवढंच सांगितलं.

अंगात आधीपासून असलेल्या दुखण्याला खासगी कंपनी पहिली काही वर्षं पैसे देत नाही. तोवर तुझा गुडघा थांबेल का? सरकारी कार्डाला जुनं दुखणं चालतं, फक्त कार्ड चालू हवं. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, गौरेशला आजच पाठव. खासगी विमा हवा तर पुढच्या आजारांसाठी जोडीला घे.

आषाढात माझा मोतीबिंदू काढला, तोही सरकारी कार्डावरच. सोबत कोण, असं नर्सने विचारलं तेव्हा शेजारच्या शालिनीचं नाव सांगितलं. तुला कळवलं असतं तर तू गौरेशला घेऊन आली असतीस, आणि तुझी पिशवी धरून उभा असलेला तो मला बघवला नसता. गोकुळदास हप्ता मात्र चुकवत नाही. दुसरा डोळा पौषात आहे.

राग नसावा, माया असावी.

रुक्मिणी


कोरगाव, ६ ऑक्टोबर २०१८

चि. रुक्मिणीस अ. उ. आ.

एजंटाला परत पाठवलं. गौरेश काल पेडण्याला जाऊन कार्ड नवं करून आला. मला एका शब्दाने बोलला नाही, त्याचाच जास्त राग आला.

डोळा कापून घेतलास आणि उशाशी शेजारीण बसवलीस, हे मात्र मी विसरणार नाही. पौषात सोबतीला गौरेशचं नाव सांग. तुझीही पिशवी धरील. तुला आवय म्हणायला लागण्याआधी त्याला परत पाठव.

लोभ आहे, पण मुलगा माझा आहे.

तुझी ताई