कडेला उभी राहणारी माणसं

शिराळा, शुक्रवार, दिवेलागण

नवा मिररलेस कॅमेरा खोक्यात तसाच पडून आहे, लेन्सचं काही ठरत नाही. परवडणार एकच. लग्नात अख्खी भावकी एका फोटोत बसवायची तर वाइडच हवी, म्हणून तीच घेणार होते.

आज दुपारी संभा स्टुडिओत आला. त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, उसन्या आणलेल्या वाइड लेन्सनं. वडील गेले त्याचे.

"ताई, दादांचा ह्यो एकच फोटो हाय. तेवढा चेहरा मोठा करून द्या, भितीला लावायचाय."

दादा पार कडेला उभे. तेव्हा मधे बोलावलं होतं, आले नाहीत. वाइड लेन्स कडेची माणसं ताणते. गाल केवढा रुंद झालाय! किती खटपट केली, पण संभा बघून म्हणाला, "ह्ये आमचं दादा न्हाईत, ताई."

मग पोर्ट्रेट लेन्स घेऊ? एकेकट्याचे चेहरे तरी नीट येतील. पण एकटं उभं कोण राहतंय?

घरी आल्याआल्या जुना कॅमेरा घेऊन आमच्या आण्णांसमोर उभी राहिले.

"माझा कशाला? तुझ्या आईचा काढ," म्हणत सरकलेच.

फोटो आत्ता बघितला. आई छान आली आहे. कडेला आण्णांचं नुसतं कोपर.