कंसातले नाव

महाशिवरात्रीच्या सकाळी, सारा नागरा जत्रेत असताना, बाघ नदीच्या वाळूवर सोनिका पटले मला म्हणाली, "माझं जमलं. बालाघाटचे कटरे." माझे सगळे तिथून बदलले.

मी, ओमेश्वर लखनलाल बिसेन, वय २२, राहणार नागरा, तालुका व जिल्हा गोंदिया, कुणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो की माझे डोके तापट आहे, फिरलेले नाही. मी मरायला चाललो नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर पाखरांच्या पायात ओळखीची कडी घालायचे काम मिळाले आहे. आज दुपारच्या गाडीने जातो आणि परत येणार नाही. परत न येणाऱ्याने आपले वाटून जावे.

१. सायकल बाबांना. घंटीला तेल द्यावे. 'पाखरं मोजून पोट भरते का' हे आता कुणालाच विचारू नये.

२. प्राणिशास्त्राचे जर्नल कॉलेजातल्या आमच्या सरांना. कंठेरी चिखल्या, म्हणजे काठावर तुरुतुरु धावणारे, गळ्यात काळी पट्टी असलेले मूठभर पाखरू. मी त्याचे शास्त्रीय नाव थिनॉर्निस डुबियस लिहिले. सरांनी लाल पेनाने खोडून जुने कॅराड्रियस केले. नव्या यादीत वंश बदलला आहे म्हणालो, तर म्हणाले, "इथली यादी मी." जर्नल टेबलावर आपटून मी तिसऱ्या वर्षातूनच बाहेर पडलो. त्यांनी माफी मागावी अशी अट नाही. यादी वाचावी.

३. दुर्बीण मामेभाऊ टिकेशला. उन्हाळ्यात वाळूत ट्रॅक्टर घालण्याआधी त्याने काठ बघावा. चिखल्याची अंडी गोट्यांसारखीच दिसतात.

४. नोंदवही सोनिकाला. तीन वर्षे नावे मी लिहिली, आकडे तिने. तिचा सात एकासारखा दिसतो, त्यामुळे कुठे सतरा पाखरे आहेत की अकरा, ते कळत नाही. तिला विचारायचे म्हणून खुणा करून ठेवल्या, त्या तशाच आहेत.

त्या सकाळी ती बोलून थांबली होती. मी शास्त्रीय नावांचा नियम सांगितला. वंशाचे नाव आडनावासारखे, ते बदलते. दुसरे नाव पाखराचे स्वतःचे, ते राहते. फक्त वंश बदलला की ज्याने पहिल्यांदा नाव दिले, तो माणूस शेवटी कंसात जातो.

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "अन् कंसातल्याले काही म्हणायचं नसते का गा?"

मी दुर्बीण डोळ्याला लावली.

डुबियस म्हणजे शंकेचा. ही वेगळी जात आहे की नाही, याची नाव देणाऱ्यालाच खात्री नव्हती. शंका कधीच फिटली, नाव तेवढे राहिले. मला तर शंकाही नव्हती.

दुरुस्ती: साक्षीदार शेजारच्या शकुंतलाबाई यांनी वाचून सही केली आणि म्हणाल्या, "मरून नाही राहिला, तं मृत्युपत्र कायले? लग्न चोवीसले आहे. वही द्यायले तुले पाय नाही का?"

सबब कलम ४ रद्द. वही मी स्वतः नेतो, सोबत कंसातल्याचे म्हणणेही. तिचे गाव रावणवाडी सायकलने जवळ आहे, म्हणून कलम १ थांबवावे. गाडी उद्याही असते.

साक्षीदार: शकुंतलाबाई टेंभरे, दुलीचंद रहांगडाले
स्थळ: नागरा. दिनांक: २ एप्रिल २०२६
सही: ओमेश्वर बिसेन

कागद टेबलावर, वर पाण्याचा तांब्या. वही घेतली. दार ओढून घेतो.